पालथी फिल्म

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे विभागप्रमुख मोठे सर, आणि सभागृहातील सर्वजण,

सरांबद्दल चांगलंच बोल, असं मला येता येता तिघांनी बजावलं आहे. बोलते. सरांचा हात स्थिर आहे. टाके घालायला मला त्यांनीच शिकवलं. आता उरलेलं.

पाहुण्यांना आमची सोमवारची बैठक ठाऊक नसेल. कर्करोगाच्या रुग्णांच्या स्कॅनच्या फिल्म तिथे उजेडावर लावतात. सरांना शस्त्रक्रिया करायची नसली की ते फिल्म टेबलावर पालथी ठेवतात. कारण सांगत नाहीत. आम्ही निमूटपणे पुढची लावतो.

एकदा पालथी पडलेली फिल्म माझ्या आत्याची होती. शाळेआधी मला घरी अक्षरं तिनेच शिकवली. खोडलंस तर का खोडलंस ते सांग, हा तिचा नियम. तिच्या फुप्फुसातली गाठ काढून झाली होती. पुढे मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीत, ॲड्रिनलमध्ये, रोग दिसला. मी कारण विचारलं. सर म्हणाले, "पसरलेल्या रोगामागे सुरी घेऊन धावायचं नसतं, मुली."

बहुतेक वेळा हे खरंच आहे. पण सर, तो आणखी कुठे पसरला होता, हे तुम्ही पाहिलं होतं का?

दुसऱ्या रुग्णालयातल्या सर्जनबाईंनी पाहिलं. कुठेच नव्हता. त्यांनी ती ग्रंथी काढली. आत्या बरी झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, एवढंच म्हणते. तू कशाला येतेस, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांनी मला पालथं पाडलं होतं. तोंड तरी दाखवून येते."

गेल्या सोमवारी एका बसचालकाची फिल्म पालथी पडली. तीच ग्रंथी. या वेळी सगळ्या तपासण्या मी आधीच करून घेतल्या होत्या. रोग दुसरीकडे कुठेही नाही. त्याच्या बायकोने मला जिन्यात गाठलं. "होण्यासारखं नाही, की यांना करायचं नाही?" मी नव्या होणाऱ्या प्रमुखांकडे गेले. ते म्हणतात, सर निवृत्त होत असताना त्यांचा शब्द मोडणं बरं दिसत नाही.

म्हणून त्या चालकाला विचारून, नाव झाकून, ती फिल्म आणली आहे. ही पुष्पगुच्छाशेजारी ठेवते, उताणी. सर, शस्त्रक्रिया कराच असं माझं म्हणणं नाही. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणा.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. माझा एखादा शब्द टोचला असेल तर क्षमा असावी. प्रश्न टोचला असेल तर त्याची क्षमा मागत नाही.

अध्यक्ष महोदय, माइक सरांकडे देते.