धुळाप्पाची युनियन

"हॅलो?… हॅलो… कोण? जरा मोठ्यानं बोला, इथं माग चालू आहेत… कोण, विरुपाक्ष?… अहो डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी शंकरप्पा. गिरणीचा हेडक्लार्क."

गिरणीच्या कचेरीत टेलिफोन येऊन दोन वर्षं झाली होती, तरी शंकरप्पा अजून पागोटं सारखं केल्याशिवाय तो उचलत नसत. मागच्या टेबलाशी विणाई खात्याचे पिकरिंगसाहेब चिरूट ओढत बसले होते. साहेबाला मराठी येत नव्हतं, त्यामुळे त्याच्यादेखत मराठीत काहीही बोलायला हरकत नसे. दाराशी धुळाप्पा उभा होता. उन्हाळ्यात सूत गुंडाळलेला जड बीम पायावर पडून त्याची नडगी मोडली होती. आता पाय बरा झाला, कामावर घ्या, म्हणायला तो आला होता. त्याची बायको गोजाबाई तोवर दुसऱ्याच्या शेळ्या राखून घर चालवत होती. हजेरीतलं धुळाप्पाचं बंद पडलेलं नाव पुन्हा चालू करायला शंकरप्पांनी टाक दौतीत बुडवला, आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली.

"काय म्हणालात? केसेस?… आमच्या गिरणीतल्या तेवीस केसेस?… अहो, झाल्या कधी? आम्हाला समन्स नाही, काही नाही… निकाल? निकाल तुम्ही आम्हाला विचारताय?"

विरुपाक्ष डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. मोडलेला हात-पाय बांबूच्या कामट्यांत बांधण्यापेक्षा प्लास्टरात घातला तर माणूस लवकर कामाला लागतो का, याचा त्यांनी अभ्यास मांडला होता आणि त्यावरचा निबंध ते पुण्याला डॉक्टरांच्या परिषदेत वाचणार होते. अडचण एकच होती. बरा झालेला पेशंट इस्पितळाचं तोंड पुन्हा बघत नाही. तेव्हा आपले पेशंट कामाला लागले की नाही, हे गिरणीलाच विचारलेलं बरं, असं त्यांच्या मनात आलं.

आता मोडलेलं हाड जुळलं की डॉक्टर लोक 'युनियन झाली' म्हणतात, हे शंकरप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि गिरणीत तो शब्द उच्चारला की काय काय मोडतं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं.

"युनियन?" शंकरप्पांनी टाक खाली ठेवला. "कुणाची?"

मागे चिरूट थांबला. साऱ्या मराठीत साहेबाला तेवढा एक शब्द कळत असे.

"धुळाप्पाची?… पक्की झाली?… बाहेरून दिसत नाही. आतल्या आत. हां… फोटोत दिसते? आरपार?… नको, नको, तो फोटो इकडं धाडू नका… आणि ही केली कुणी म्हणायची?… तुम्ही? स्वतः?"

धुळाप्पाच्या कानावर आपलं नाव पडलं, डॉक्टरांचं तर आधीच पडलं होतं. शंकरप्पांनी त्याच्याकडे डोळे वटारून, हे खरं का, असं खुणेनंच विचारलं.

"व्हय की," धुळाप्पा म्हणाला. "डाक्टरांचीच किरपा. लई पक्की बसलीया. लाथ मारून बगू का?"

शंकरप्पांनी त्याला घाईघाईनं हातानंच थोपवलं.

"हां, बोला… दीड महिना बांधून ठेवली. हलू दिलं नाही… वरचा आणि खालचा असे दोन्ही तुकडे एक झाले. म्हणजे जॉबरपासून झाडूवाल्यापर्यंत, असंच ना?… आं? वाकडी? वाकडी कुणाची?… पुन्हा मोडणार म्हणता? हे मात्र शहाणपणाचं. मोडाच ती… आणि नॉन-युनियन?… एकच?… शिवपुत्र?… वा. वाईट कसलं वाटायचं त्यात? बिचारा कशाला म्हणता, सोन्यासारखा माणूस… ऑपरेशन? सुरी लावून त्याचीही करणार? डॉक्टरसाहेब, गिरणीला एक तरी राहू द्या."

साहेब उठून शंकरप्पांच्या खांद्याशी आला. शंकरप्पांनी बोलायच्या कर्ण्यावर पागोट्याचा शेमला धरला आणि जमेल त्या इंग्रजीत खबर दिली की गिरणीत युनियन पार आतपर्यंत पोचली आहे, एकटा शिवपुत्र तेवढा निष्ठावंत राहिला आहे. साहेबाला गहिवर आला. त्यानं शिवपुत्राला त्या क्षणी फाटकावरचा मुख्य पहारेकरी नेमला, पगार वाढवला आणि त्याला घेऊन यायला पट्टेवाला चाळीकडे पिटाळला. मग धुळाप्पाकडे पाहून त्यानं हवेत बोटानं एक आडवी रेघ ओढली.

शंकरप्पांनी टाक उचलला. धुळाप्पाला वाचता येत नव्हतं. टाक हलला म्हणजे नाव चढलं, असं समजून त्यानं हात जोडले. ते शंकरप्पांना दिसलं नसतं तर बरं झालं असतं. रेघ निम्म्यावर आली आणि टाक अडखळला.

"हो, हो, ऐकतोय… रविवारी? सगळ्यांना एकत्र जमवणार? इस्पितळाच्या अंगणात?… आणि रांगेत चालवणार?… बसवणार, उठवणार, पळवणार. आणि ही माणसं मी पाठवायची… डॉक्टरसाहेब, मला चार मुली आहेत उजवायच्या… पुण्यात वाचून दाखवणार? नावं?… नुसती आद्याक्षरं, बरं. पण पहिलं कुणाचं म्हणालात?…"

शंकरप्पांनी साहेबाकडं पाठ फिरवली.

"माझं?… माझी युनियन? सगळ्यांत सुरेख?… हळू. हळू बोला हो, साहेब उभा आहे इथं… मी कुठल्याही युनियनमध्ये नाही. सिद्धरामाची शपथ. तुमच्याकडं मी आलो होतो तो मनगट घेऊन. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यातून उतरताना पडलो, तुम्हीच प्लास्टर घातलंत, आणि काढताना म्हणालात की वा, काय सुरेख यु…"

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. शंकरप्पांनी टाक धरलेल्या आपल्या उजव्या मनगटाकडं पाहिलं. मनगट खरंच सुरेख जुळलं होतं.

"डॉक्टरसाहेब… युनियन म्हणजे… हाडाची का हो?… हां… हां… सुरुवातीपासून हाडच म्हणत होता? माग चालू होते ना… नाही, नाही, इकडं काही झालं नाही. अजून निम्मंच झालंय… थांबा जरा."

साहेब तोंडातला चिरूट काढून वाट पाहत होता. इतका वेळ त्यानं फोनची एकच बाजू ऐकली होती, तीही न समजणाऱ्या भाषेत, त्यामुळे त्याचं मत अगदी पक्कं झालेलं होतं. शंकरप्पांनी सगळं इंग्रजी गोळा केलं आणि सांगितलं, "नो युनियन, सर. बोन. ओन्ली बोन."

मागांच्या गोंगाटात साहेबाला ते 'बोने' असं ऐकू आलं. हा बोने कोण, असं त्यानं विचारलं. गिरणीत माने होते, साने होते, त्यात एखादा बोने असायला काहीच हरकत नव्हती. तेवीसही ठिकाणी मूळ हा बोनेच आहे काय, असंही त्यानं विचारलं.

शंकरप्पांनी तोंड उघडलं. इंग्रजी तर संपलं होतं. समोर धुळाप्पा दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा होता.

"येस सर. इन ऑल केसेस, सर. बोन."

यात खोटं अक्षर नव्हतं. साहेबानं फर्मावलं, त्या बोनेला आजच्या आज काढा आणि बाकीच्यांना मुकाट्यानं कामाला लावा. मग तो समाधानानं चिरूटाकडे वळला. शंकरप्पांनी धुळाप्पाच्या नावावर निम्मी ओढलेली रेघ लांबवली, तिची शिरोरेघ केली आणि तिच्याखाली पुन्हा, ठळक हातानं, 'धुळाप्पा' लिहिलं. जा, माग सुरू कर, अशी मानेनंच खूण केली. धुळाप्पा जिना उतरला तो दोन-दोन पायऱ्यांनी.

"हॅलो… हां, डॉक्टरसाहेब, आहे मी. तुमचा निकाल लिहून घ्या. तेवीसच्या तेवीस कामावर… हो, तो वाकडाही… शिवपुत्र?… तो पण. त्याला बढती मिळाली. आताच… हाड न जुळल्याबद्दलच मिळाली म्हणायची… खरं सांगतो. आता तो कुबड्या घेऊन जिना चढतोय, वाजतायत ऐकू… प्लास्टरला नाही, कामट्यांना नाही, बढती ह्यालाच… तुमच्या निबंधात कुठं बसवायचं ते तुम्ही बघा. पण डॉक्टरसाहेब, त्याची युनियन जरा सवडीनं करा. आणि केलीत तर साहेबाला कळू देऊ नका…

"काय?… छे, तुमच्यामुळं कुणाची नोकरी जाते? एकालाच काढला. बोने म्हणून… नाही, इस्पितळात आला नसेल… पाहिलेलाही नाही? अहो, तुम्ही तर रोज बघता. फोटो काढता त्याचे… सांगतो, रविवारी आलो की सांगतो… हो, हो, मनगट घेऊनच येतो. ठेवतो."