मळ्यातला हिरवा हौद

बहरीनमध्ये बुदैया गावच्या बसची वाट बघणाऱ्या नुसरतच्या मागे म्हातारा दाजी माळी अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, मळ्यातला जोडीदार उबेदची खरडपट्टी काढत होता.

"हौद ब्लीचने धुतलास?"

"पाणी हिरवं झालेलं, दाजी. अरबाब पाहुणे आणणार होता."

"हिरवं होतं म्हणून जिवंत होतं. शेवाळावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे. तेच मासे डासांच्या अळ्या खायचे. आता मासे खलास."

"मला तर कुठलेच जीव दिसले नाहीत."

"मग काय म्हशीएवढे हवे होते? अरबाबच्या पोरीच्या पुस्तकात बीव्हर नावाचं जनावर आहे. नुसत्या दातांनी झाडं पाडून ओढा अडवतं, तळं वसवतं. तुला व्हिसा देऊन आणला, तर तू भरलेला हौद मारलास."

"अरबाब खूश झाला पण. तळ दिसतो म्हणाला."

"दिसणारच."

"उद्या तुमच्याकडचा दुसरा हौदही तसाच धुवायला सांगितलाय मला."