मूरिनची सातवी फेरी

या मंडळी, जरा पुढं सरका! मागच्या मावशी, तुम्हीसुद्धा — चटई मोकळीच आहे. आज समुद्रापलीकडच्या धुक्यातली गोष्ट सांगायचीय. पण आधी सांगा — देवासाठी धरलेलं मौन आणि शेजारणीशी धरलेला अबोला, दोन्हींत तोंड बंदच! मग देवाला फरक कळतो कशावरून?

आयर्लंड देश. उंच कड्यावर जुन्या साधूंच्या दगडी खोपट्या, मधाच्या पोळ्यासारख्या गोल! मधे क्रूस कोरलेली शिळा, तिच्याच पायथ्याशी झरा. रीत अशी — मनात मागणं धरून, सूर्य फिरतो त्या दिशेनं शिळेभोवती सात फेऱ्या, दर फेरीला झऱ्यात एक खडा, आणि सातवा पडेपर्यंत ओठ मिटलेले. शब्द निघाला, की सगळं फुकट!

मूरिन फेऱ्या घालत होती. नवरा कोनाल काल होडी घेऊन गेला, तो परतलाच नव्हता. आणि धुकं असं — जग जणू दुधात बुडालेलं! तिला वाटे, आपण उभ्याच आहोत, धुकंच आपल्याभोवती फिरतंय. सहा खडे पडले... डुब्... सातवा मुठीत.

तोच काठी वाजली — टक्, टक्. लासार! शेजारीण, डोळ्यांनी अधू. तीन वर्षं अबोला! कशावरून? शेळीनं कोबी खाल्ला! हसता काय? कुठल्या देशातल्या शेळीला कुंपण कळतं?

काठीचा आवाज कड्याच्या टोकाकडं सरकत होता — लासार वाट चुकलेली! बोलावं तर कोनाल जाईल, गप्प राहावं तर ही जाईल. आणि मनातून कोण कुजबुजलं — 'तुझं तर मौन आहे ना? देवाचं काम!' पाहा मंडळी, अबोला कशी मौनाची शाल पांघरतो!

खडा मुठीतून गळला. "अगं लासार, थांब! पुढं कडा आहे! माझ्या आवाजाकडं ये — इकडं, इकडं!"

"मूरिन? अगं, तुझं मौन—"

"जळो ते मौन! ये आधी!"

हाकेमागून हाक... शेवटी हात हातात आला. "कशाला आलीस गं मरायला?"

"तुझ्या नवऱ्यासाठीच. पाचवी फेरी होती माझी."

मूरिन तिच्या गळ्यात पडली. "माझी सातवी मोडली गं! आता कोनाल—"

आणि खालून, त्या पांढऱ्या धुक्यातून — "मूरिन! थांबू नकोस! किनारा दिसत नाही, तुझ्या हाकेवरच वल्हवतोय!"

मग काय! दोघी मिळून ओरडल्या, होडी वाळूला लागेपर्यंत!

सातवा खडा गवतातच राहिला. देवबापानं तो मागितलाही नाही.

आता तुमच्या गल्लीत पाहा — नळावरून, मानपानावरून कुणाशी बोलणं बंद आहे? धुकं तिथंही आहे, मंडळी. आधी हाक मारा, मग गुडघे टेका. आणि तेव्हा लासारची आठवण असू द्या — तीन वर्षं जिच्याशी शेजारच्या घरातलं कुणी बोललं नाही, आणि तरी त्याच घरासाठी जी अधू डोळ्यांनी पाचव्या फेरीपर्यंत चालली.