चेहऱ्यावरचं वर्तुळ

हे तुम्ही फोनवर उघडून पाहिलंत का? — नाही ना? वाटलंच मला. नोकरीसाठी आणलेला तुमचा नमुना सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. दिवाणखान्याचं चित्र, चित्रावर प्रत्येक वस्तूचं नाव, बोट ठेवलं की माहिती — माझ्या या मोठ्या पडद्यावर सगळं जिथल्या तिथं. आता हा माझा फोन घ्या. कुठं बसली आहे तुमची आरामखुर्ची? — कुत्र्याच्या पाठीवर. आणि पडद्यांचं नाव भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलं आहे. हसा, हसायला हरकत नाही; कुत्र्यानं काही कुणाचं वाईट केलेलं नाही आणि त्याला आरामखुर्ची म्हटलं म्हणून त्याचं काही बिघडतही नाही. सगळ्यांचं तसं नसतं, एवढंच. बसा. उठू नका, मी तुम्हाला अजून नाही म्हटलेलं नाही.

हे असं का होतं, सांगता येईल? — टक्के दिले होते, बरोबर. डावीकडून इतके टक्के, वरून इतके. पण टक्के कशाचे? चित्राचे की चौकटीचे? — सगळे इथंच चुकतात. पलंग लहान आणि चादर मोठी असली की काय होतं? दोन्ही बाजूंनी चादर खाली लोंबते. मागचं चित्र चौकट भरेल असं पसरलंत की फोनच्या अरुंद चौकटीत त्याच्या दोन्ही कडा अशाच बाहेर जातात, कापल्या जातात. आणि तुम्ही टाचणी टोचली आहे पलंगाला, चादरीला नव्हे. चादरीवरची फुलं सरकली, टाचणी तिथंच राहिली — आता ती दुसऱ्याच फुलावर उभी आहे. उपाय? उपाय पोरखेळ आहे हो. चित्र आणि खूण एकाच पाटावर बसवायची. पाट चित्राच्या मापाचा, म्हणजे आकसलं तर दोघं आकसतील, वाढलं तर दोघं वाढतील. दहा मिनिटांचं काम. मी तर छापखान्यात मुद्रितं तपासत म्हातारी झालेली बाई, मला कळलं, तर तुम्हाला न कळायला काय झालं? चूक माणसाकडूनच होते. चुकीचं मला भय नाही. — कशाचं आहे, ते सांगते.

ही खुर्ची रिकामी का, असं आल्याआल्या विचारलंत ना तुम्ही? इथं माझा भाचा बसायचा. थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ-वहिनी लवकर गेले, मीच वाढवला, मीच लग्न लावलं, आणि त्याची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तिची मुलगीही माझ्याच मांडीवर आली. हात सोन्याचे होते त्याचे, आणि स्वभावही वाईट नव्हता बरं — कुणाला दुखवायचं म्हटलं तर त्याच्या जिवावर यायचं. असल्या माणसांना भित्रं म्हणायचं आपल्याला सुचत नाही, आपण त्यांना मवाळ म्हणतो.

एका निवासी शाळेच्या संकेतस्थळाचं काम होतं आमच्याकडे. एका दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. वसतिगृहातला एक मदतनीस लहान मुलांना अंधाऱ्या खोलीत कोंडून मारायचा, ते उघडकीला आलं होतं. त्याला काढला होता, आणि तो पळाला होता. पालकांना सावध करायचं — हा माणूस आता शाळेचा नाही, याच्या हाती मूल देऊ नका. त्याचा वेगळा फोटो शाळेकडे नव्हता. होता तो पायऱ्यांवर सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र काढलेला, आणि तो पानाच्या माथ्यावर आधीपासूनच पसरलेला. भाच्यानं काय केलं? त्याच चित्रावर एक लाल वर्तुळ ठेवलं, मदतनीसाच्या चेहऱ्यावर, आणि खाली मजकूर. याच पडद्यावर ठेवलं. मुख्याध्यापकांनीही कचेरीतल्या असल्याच रुंद पडद्यावर पाहिलं, म्हणाले, उत्तम, जाऊ द्या. गेलं.

पालक कुठं पाहतात? — फोनवर. सगळे फोनवर. मदतनीस उभा होता चित्राच्या अगदी कडेला. फोनच्या चौकटीत ती कडच कापली गेली. तो हरामखोर चित्रातूनच नाहीसा झाला. आणि वर्तुळ जिथं होतं तिथं आता कोण? शाळेच्या बसचा ड्रायव्हर. हसरा माणूस, दात जरा पुढं. माझी नात त्याच बसनं जायची — नात म्हणजे भाच्याचीच मुलगी. शाळा निवासी असली तरी जवळपासची मुलं रोज जाऊन येऊन असत. ड्रायव्हरकाका म्हणायची त्याला. बस सुटताना हा माणूस रोज मागं वळून विचारायचा, "कुणाचं दप्तर राहिलं, कुणाचं डोकं राहिलं?" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं — फक्त इथं सुळी देणाऱ्याला चोर दिसतच नव्हता.

संध्याकाळी मी सहज फोनवर पान उघडलं आणि भाच्याला म्हटलं, अरे, हे वर्तुळ ड्रायव्हरच्या तोंडावर आहे. त्यानं पाहिलं. पांढराफटक पडला. पण हात चालले त्याचे — बसला, चित्र आणि वर्तुळ एका पाटावर आणलं, पान पुन्हा चढवलं, फोनवर दाखवलं. "बघ आत्या, झालं नीट." मी म्हटलं, झालं, आता शाळेला कळव, इतक्या वेळात किती जणांनी पाहिलं असेल. तर म्हणाला, "नीट झालं ना? मग बोभाटा कशाला? शाळा आपल्याला परत उभं करणार नाही." मी म्हटलं, कळव. तो म्हणाला, "सकाळी बघतो." — काय? हो, शाळेचा नंबर माझ्याकडेही होता. तुम्ही पुढचं ऐका.

सकाळी बस कोपऱ्यावरच्या थांब्यावर आली. दोघा-तिघा बापांनी ड्रायव्हरला दार उघडून खाली ओढला. त्याला कशासाठी मारताहेत तेच कळेना, सारखा म्हणत होता, "अहो, मुलं बसमध्ये आहेत, बसचा ब्रेक लावू द्या." ब्रेक लावू दिला त्यांनी. मग मारला. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता. खिडकीशी माझी नात बसली होती. — पाणी हवंय? तिथं आहे, घ्या.

आता इथवर काय होतं? एक चूक, आणि तिच्यावर एका रात्रीचा भित्रेपणा. देव एवढं पोटात घालतो, असं मी मानते. रोज हात जोडते ते तेवढ्याच भरवशावर. पण पोलीस आले. मारणारे म्हणाले, आम्ही फोनवर पाहिलं, वर्तुळ याच्याच तोंडावर होतं. पोलिसांनी फोनवर पान उघडलं — वर्तुळ मदतनीसावर, अगदी बरोबर. खवळलेला माणूस पुरावे जमवत बसत नाही हो. पहिल्या पानाचा फोटो कुणाकडेच नव्हता. भाच्याला विचारलं, पान असंच होतं का? तो म्हणाला, "पहिल्यापासून असंच आहे. तुम्हीच पाहा." त्याचं ते नीट केलेलं पानच त्याचं खोटं बोलत होतं, त्याला फारसं तोंड उघडावंही लागलं नाही. मग लोकांनी काय अर्थ काढला? पानात चूक नव्हती, तरी बापांनी याला मारलं, म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार. उगाच कुणी कुणाचा जीव घेतं का? ज्या माणसानं मरता मरता मुलांसाठी ब्रेक लावला, त्याच्या नावानं लोक कुजबुजायला लागले.

त्याची बायको इथं आली. तुम्ही बसला आहात त्याच खुर्चीवर बसली — टेकून नाही, अशी कडेला. म्हणाली, "दादा, मला भरपाई नको. मारणाऱ्यांना फाशी द्या असंही म्हणत नाही. एवढंच लिहून द्या की आधी चुकून यांच्यावर खूण आली होती. माझ्या पोराला वर्गात कुणी जवळ बसू देत नाही." भाचा तिच्याकडे पाहत नव्हता. म्हणाला, "वहिनी, मला तुमचं दुःख कळतं, पण पान बरोबरच होतं." ती म्हणाली, "देवाशपथ?" हा म्हणाला, "देवाशपथ." — हे मला क्षमा करता आलं नाही. चूक हातानं होते, भीती पोटात असते. पण हे तोंडानं केलं, विधवेच्या डोळ्यांसमोर, देवाला साक्षीला ओढून.

आतल्या दारात नात उभी होती. तिनं त्या दिवशीच विचारलं होतं बापाला, काकांना का मारलं? त्यानं सांगितलं होतं, "केलं असेल काहीतरी." बाई निघून गेल्यावर पोरगी माझ्याकडे आली. "आजी, बाबा खोटं बोलले का?" — काय करायचं होतं मी? मुलीला खोट्यावर वाढवायचं? मी हो म्हटलं. पोरीनं दप्तर उचललं आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगितलं. मग मला कोर्टात बोलावलं. शपथेवर विचारलं, शपथेवर सांगितलं, माझ्या भाच्याच्या तोंडावर सांगितलं. ड्रायव्हरचं नाव धुतलं गेलं. शाळेनं तसं छापून लावलं, त्याच पानाच्या माथ्यावर. — पोरगी माझ्याशी बोलते का? बोलते ना. कामापुरतं बोलते.

कायद्यानं भाच्याला समज दिली आणि सोडला. कलमात नीट बसेना म्हणे. सुटला, असं त्यालाही वाटलं, मलाही. घरी आला, म्हणाला, "झालं एकदाचं. चहा टाक गं, बाळ." पोरीनं चहा टाकला. समोर ठेवला. बोलली नाही. भांडली नाही, रुसली नाही, जेवायला वाढायची, त्याचे कपडे घड्या घालून ठेवायची. फक्त बापाला शब्द द्यायची नाही. आधी तो हसला, म्हणाला, येईल वळणावर. मग रागावला. मग एकदा तिच्या दाराशी बसून रडला, मी ऐकलं. तिनं दार उघडलं, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि दार लावून घेतलं. ती मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली. पत्र माझ्या नावानं, फोन माझ्या नावानं. तो इथं या खुर्चीत बसून माझ्या फोनमधून येणारा तिचा आवाज ऐकायचा, मान खाली घालून.

यंदा त्याची मूत्रपिंडं गेली. मी कळवलं, ती आली. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली. अंग पुसलं, औषधं दिली, चमच्यानं पाणी दिलं. अशी सेवा पोटची मुलंसुद्धा करत नाहीत — ही तर पोटचीच. शेवटच्या दिवशी त्यानं तिचं मनगट धरलं. म्हणाला, "चुकलो गं. देवाची शपथ खोटी घेतली. एकदा बाबा म्हण, मग मी जातो." तिनं ऐकलं. त्याचा हात हळूच सोडवला, पांघरुणाखाली नीट ठेवला, उशी सारखी केली. तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचे डोळे मिटावे लागले, तेही तिनंच मिटले. एक शब्द नाही.