ताशी पन्नासचा नमस्कार

रामकिसन : आबा, काल तुमी गाडीवरून चारा छावणीतल्या कडब्यात पडलात.

त्रिंबक : मी पडलो नाही. असं काही घडलेलंच नाही.

रामकिसन : बरं. मग जे घडलंच न्हाई, ते घडताना तुमचे हात कुटं होते?

त्रिंबक : जोडलेले.

रामकिसन : दोन्ही?

त्रिंबक : मागच्या निवडणुकीत एका हातानं नमस्कार केला बे! एक हँडलवर, एक कपाळाला. साखर कारखान्याचे सभासद म्हणाले, त्रिंबकला आत्ताच एवढी घमेंड, तर संचालक झाल्यावर हा पायानं नमस्कार करील. पाडलं मला.

वत्सला : म्हनून माझ्या भावाची ही म्हशीएवढी गाडी मागवली पुण्याहून. बटन दाबलं की हात सोडले तरी एका चालीनं पळती म्हणं.

रामकिसन : क्रूझ कंट्रोल, काकू. वेग धरून ठेवतंय.

वत्सला : काल त्यानं काय धरलं न्हाई. कडब्यानं धरलं.

त्रिंबक : घडलेलं नाही म्हणतोय ना!

(तेलगाव रस्त्यावर रामकिसनचं गॅरेज. गाडी स्टँडवर. तिच्या पेटीतून कडबा डोकावतोय.)

रामकिसन : जीपमधून फिरा की आबा. दोन्ही हात मोकळे.

त्रिंबक : आपलं चिन्ह मोटारसायकल आहे. जीपमध्ये उभा राहून मोटारसायकलवर शिक्का मारा म्हणू? उद्या प्रचारफेरी आहे. आपल्या गावाला संचालक नाही म्हणून कारखान्याचा टँकर सगळ्यात शेवटी येतो, अन् नुसता हॉर्न वाजवून जातो.

वत्सला : परवा हॉर्नबी न्हाई वाजवला. घागरी तशाच रांगेत हायती.

रामकिसन : दुरुस्त होतंय, घोर करू नका. काकू, जरा मागं जाऊन बगा. लाल दिवा पेटलाय?

वत्सला : पेटलाय. देवळातल्या समईवानी.

रामकिसन : अन् मी ब्रेकला हातबी लावला न्हाई. गाडीला वाटतंय, कुणीतरी ब्रेक दाबून बसलंय. ब्रेक दाबलेला असला की क्रूझ लागत न्हाई. हे बगा! ब्रेकच्या लिव्हरला दोरा. हँडलसंगं आवळून बांधलाय.

वत्सला : लिंबागणेशचा हाय. मीच बांधला.

त्रिंबक : कावून?

वत्सला : तुमी सावकाश जावं म्हनून. गणपतीनं ऐकलं.

रामकिसन : गणपतीनं लईच ऐकलं. सोडून आरशाला बांधतो. देवाला मागचंबी दिसंल. आता दिवा?

वत्सला : इझला.

रामकिसन : आलोच चक्कर मारून.

त्रिंबक : तू बोलली का नाहीस मला?

वत्सला : तुमी इचारलं कुटं? तुमी तर पडलाच न्हाई.

रामकिसन : क्रूझ लागलं, आबा! मक्खन. दोन्ही हात सोडून पार कॅनॉलपतुर गेलतो. कॅनॉल कोरडा हाय, नमस्कार घ्यायला कुणी नव्हतं.

त्रिंबक : शाब्बास! उद्या हलगीच्या मागं असंच.

रामकिसन : हलगी पन्नासनं पळणार का?

त्रिंबक : पन्नास कशाला?

रामकिसन : ताशी पन्नासच्या खाली ह्या गाडीचं क्रूझ लागत न्हाई.

त्रिंबक : हलगीवाला मुंजाजी साठीचा आहे, बे. दम खात चालतो. अन् पन्नासनं गेलो तर लोकांना नमस्कार दिसंल का?

रामकिसन : धुरळा दिसंल. नमस्कार त्याच्या आत असंल.

वत्सला : डावा हात तर मोकळा ऱ्हातो ना?

रामकिसन : ऱ्हातो. उजवा रेसवर. पहिल्या गिअरला गाडी चालू द्यायची, बास.

वत्सला : मग मी मागं बसते. तुमचा डावा, माझा उजवा.

त्रिंबक : लोक काय म्हणतील?

वत्सला : नमस्कार म्हणतील.

त्रिंबक : तुला तर ह्या गाडीची भीती वाटते.

वत्सला : वाटती की. पण मी मागं असले की तुमी दोऱ्याबिगर सावकाश जाता. अन् टँकर आला तर घागर मलाच उचलायचीय.

रामकिसन : आबा, समोरचं पॅनल हरकत घेईल. म्हणंल, निम्मा नमस्कार उसना हाय.

त्रिंबक : मग आधीच अर्ज देऊ. लिही रे. मा. निवडणूक निर्णय अधिकारी यांस. उमेदवाराचा डावा व त्याच्या पत्नीचा उजवा हात मिळून झालेला नमस्कार एकाच माणसाचा समजण्यात यावा, ही नम्र विनंती.