गाण्यातला बाप

तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढे बापलेक होते. तरुण लोकगीतकारांवरचा माहितीपट होता आणि त्यात लेकीचं गाणं होतं.

"बाबा, तुम्ही मागे बसा."

"का गं? लाज वाटते माझी?"

"तसं नाही. माझ्या गाण्यात तुम्ही वारलाय."

"अगं बाई! कशाने?"

"विहिरीत पडून."

"आपल्याला विहीर कुठाय?"

"चालीत बसत होती. पण दिग्दर्शकबाईंना खरंच वाटलं. त्या ढसाढसा रडल्या, मग माझ्याने सांगवेना. कळलं तर पुढच्या खेळांतून गाणंच कापतील. अगंबाई, इकडेच येतायत!"

"नमस्कार! हे कोण?"

"मी हिचा काका. भाऊ गेल्यापासून पोरीचं मीच बघतो."

"कसे होते हो ते?"

"सोन्यासारखा माणूस! जिवंत होता तोवर पोरीला त्याची किंमत नव्हती."