प्लेटांवरची धूळ

सुमनवहिनी, शेठ, आणि खाणीवरच्या माझ्या भावा-बहिणींनो,

भरदुपारी काम थांबवून तुम्ही सगळे मारुतीच्या या सभामंडपात आलात. काशिनाथभाऊंना शेवटचा निरोप द्यायला आलात. माझं नाव पुकारलं तेव्हा उठावंसं वाटेना. या खाणीचा मॅनेजर म्हणून तुमच्यासमोर उभं राहायला आज मला तोंड नाही.

काशिनाथभाऊ वणीकडचे. तरुणपणी इथे खडी क्रशरवर आले आणि इथलेच झाले. क्रशरच्या तोंडाशी उभं राहून दगड आत ढकलायचे. संध्याकाळी खाली उतरले की भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. तुम्ही म्हणायचात, "भाऊ म्हातारं झालं!" तोंड धुतलं की पुन्हा तरुण. किती हसायचो आपण.

दर उन्हाळ्यात ते माझ्याकडे यायचे. "साहेब, पाण्याचे फवारे बसवा की. लय धुरळा हाय." मी म्हणायचो, "बघू. टँकर परवडत नाही." पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. ते तेच म्हणायचे, मी तेच म्हणायचो.

मग सोलर आलं. आठवतं ना? सगळे धास्तावले होते. मशीन उन्हावर चालणार, मग आपल्या कामाचं काय? मी याच मंडपात शब्द दिला, एकाचंही काम जाणार नाही. तो पाळला. त्याचा मला कोण अभिमान होता! काम कुणाचं गेलं नाही, हे खरं आहे.

पण थोड्याच दिवसांत वीज कमी पडायला लागली. सोलरवाल्यांचा इंजिनिअर आला. सोलरच्या प्लेटेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, क्रशरची धूळ बसतेय, पाणी मारून ती तिथेच दाबा. मी शेठना फोन केला. त्याच आठवड्यात फवारे बसले.

त्याच आठवड्यात, मंडळी. माणसांसाठी जे परवडत नव्हतं, ते प्लेटांसाठी परवडलं.

तोवर काशिनाथभाऊंना क्रशरची शिडी चढवत नव्हती. मी त्यांना प्लेटा पुसायचं हलकं काम दिलं. उपकार केल्यासारखं वाटलं मला. एकदा धाप लागून ते प्लेटेच्या सावलीत बसले होते. मला बघून म्हणाले, "साहेब, या प्लेटांचं बरं हाय. खोकत नाय, बोलत नाय, तरी त्यांचा तरास तुमाला लगेच कळला." आणि हसले. मीही हसलो. कसा हसलो मी?

आज इथे येण्याआधी मला सांगण्यात आलं, टीबीने गेले एवढंच बोला. विषय वाढवू नका. शेठ, राग मानू नका, मला ते बोलता येणार नाही. टीबीची औषधं त्यांनी घेतली, गुण आला नाही. मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "दगडाच्या कामाला होता का?" वहिनी तिथेच उभ्या होत्या. तेव्हापासून त्या हे सांगतायत आणि आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतोय.

म्हणून सगळ्यांसमोर बोलतो. काशिनाथभाऊ दगडाच्या धुळीने गेले. आपल्या क्रशरच्या धुळीने. ते तिथे कामाला होते आणि मी त्यांचा मॅनेजर होतो. वहिनी, भरपाईसाठी तुम्हाला जिथे जावं लागेल, तिथे मी सोबत येईन आणि हेच सांगेन. मग माझी नोकरी राहो की जावो.

भाऊ, माफी मागायला फार उशीर केला.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. फक्त एक विनंती आहे. मघापासून मी बघतोय, तुमच्यातले कितीतरी जण पदराआड, रुमालाआड खोकला दाबतायत. आता दाबू नका. येईल तेवढा येऊ द्या. मला आणि शेठना तो ऐकू दे.